वखारीतला काटा

पीयूसीच्या पहिल्या वर्षी
हुद्दार सरांनी फळ्यावर स्प्रिंग काढली,
खाली एक चौकोन टांगला.
पुस्तक इंग्रजी, सर कानडी,
अर्धा वर्ग मराठी शाळेतून आलेला,
सर बोलायचे ते निपाणीचं,
सगळ्यांना थोडं थोडं कळणारं.
मी वहीत लिहिलं, सरल आवर्त गती.
शेजारी शिवलीलानं लिहिलं, सरळ हरात्मक चलने.
सरळ तेवढं दोघींचं सारखं होतं
आणि तेवढंच खोटं वाटत होतं.

"मध्यावर बल शून्य," सर म्हणाले.
मग तिथं थांबत का नाही?
मी विचारलं नाही.
मागून भरमू म्हणाला,
"सर, म्हणजे आपलं गाव की.
इकडं कोल्हापूर, तिकडं बेळगाव."
वर्ग हसला. सरांनी हातावरचा खडू झाडला :
"गावाला उणे के एक्स लावू नको, मार्क जातील."

संध्याकाळी आईला आणायला वखारीत गेले.
तपकिरी धूळ, शिंका,
नाकातोंडावर पदर आवळलेल्या बायका
आणि तुळईला टांगलेला स्प्रिंगचा जुना काटा.
बाळगोंडा मामानं तंबाखूचा बोद आकड्याला अडकवला,
हात सोडला.
बोद खाली गेला, वर आला, परत खाली.
दलाल घाईला आलेला. "सांग की रं, किती?"
मामा डोळे बारीक करून उभा.
मी काट्याकडं बघतेय हे त्याला दिसलं.

"मधनं जाताना बघू नगं पोरी,
तितं लई पळतोय, डोळ्यात घावत न्हाई.
खाली दम खातोय तो एक आकडा,
वर दम खातोय तो दुसरा.
पस्तीस. एकतीस.
निम्मं कर."

तेहतीस, आईच म्हणाली, कधी शाळेत न गेलेली.

मी मात्र मधेच बघत राहिले.
तिथं बोदाला कुणी ओढत नव्हतं,
ना वर, ना खाली,
पण येताना तो वेग घेऊन आला होता
आणि तो काढून घेणारं तिथं कुणी नव्हतं.
टोकाला थांबायचा, डोळा लवेल इतकाच,
आणि मला आजवर वाटायचं थांबला म्हणजे निवांत.
ओढ तर तिथंच सगळ्यात जास्त.
सकाळी फळ्यावर हेच होतं,
मी उतरवूनही घेतलं होतं,
खाली दोनदा रेघ मारून.

हळूहळू हेलकावे लहान झाले.
पुस्तकात घर्षण सोडून दिलेलं असतं,
वखारीत नसतं. काटा तेहतीसवर टेकला.
दलालानं वहीत बत्तीस लिहिलं.
मामा बोलला नाही, आई बोलली नाही,
मी बोलले, आणि आईनं दंडाला चिमटा काढला.

बोद उतरवल्यावर रिकामा आकडा
वरच्यावर भरभर हलत राहिला.
भार कमी, आवर्तकाल कमी,
मी बिडीच्या कागदावर लिहून घेतलं.
"चल," आई म्हणाली, "लाईट जायच्या आत."
वळून पाहिलं, तर अजून हलतच होता.