जागचं न हललेलं

पाषाणच्या तळघरात
जुन्या उपग्रह-चित्रांच्या गठ्ठ्यांतून मी ढग शोधते.
चित्रं पुसट. आडव्या पट्ट्या,
मीठ सांडल्यासारखे ठिपके,
अर्धा अरबी समुद्र बुरशीने खाल्लेला.

प्रोग्रॅमला शिकवलंय: कडा धर, गोल ओळख,
पुढच्या चित्रात तोच शोध.
काल रात्री त्याने एक वादळ पकडलं.
रेखीव, डोळा स्वच्छ,
खात्री शेकडा अठ्ठ्याण्णव.
तीन चित्रं झाली तरी ते जागचं हललं नाही.

कोथरूडला तुंगारेसरांना फोन केला.
समदाब रेषा काढण्यात त्यांची हयात गेली,
पेन्सिलीने.
म्हणाले, "रत्नागिरीच्या जरा डावीकडे? गोल?
अगं, तो माझा चहाचा कप.
रात्रपाळीला बशी नसायची."

आणि खरं वादळ?
ते करडं, फाटक्या कडांचं,
अजून गोलसुद्धा झालेलं नव्हतं.
ते मीच गाळणीत घालवलं होतं,
ठिपके समजून.

गाळणी सैल केली. पुन्हा सगळं खरखरीत.
आणि त्या खरखरीत काहीतरी सरकतंय उत्तरेला,
सहा तासांत बोटभर.

डाग मात्र मी पुसला नाही.
यादीत नोंदवला: स्थिर.
उगम शिवाजीनगर, पहाटे चारच्या सुमारास.