डावं वेटोळं

फैलका बेटावर, कुवेतहून बोटीनं तासाभराच्या अंतरावर,
ग्रीकांच्या देवळाचं जोतं उरलंय.
मी मापं घेते. इनायत मुकादम फितीचं टोक धरतो.
मूळचा हर्णैचा, बोटं गवंड्याची.

खांबाची बैठक इराणी, पालथ्या कमळासारखी.
माथा तेवढा ग्रीक: दोन बाजूंना दोन दगडी वेटोळी.
"चकल्याच की," म्हणत तो
खाचेतून बोट फिरवत आत आत जातो,
मग थांबतो.

"डावीला अर्धा वेढा कमी आहे, बाई.
घाई झाली असणार,
नाहीतर मुकादम रजेवर."
स्वतःच्याच आडनावाला हसतो.

मी लिहिते: उजवं तीन, डावं अडीच.
कारणाला वहीत रकाना नाही.

दुपारी जोत्याच्या बोटभर सावलीत
तो डबा उघडतो. भात, सुका बोंबील.
किती जुनं, विचारतो.
तेवीसशे वर्षं.
घास तसाच हातात.
"एवढ्या लांब येऊन घडवायचं
म्हणजे गावातलं आठवून आठवूनच.
अर्धा वेढा राहतो मग."

गेल्या खेपेला तो घरी गेला
तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती.

चारची बोट. फीत गुंडाळताना
वाऱ्यानं टोक सुटतं,
तो शिवी हासडतो, पुन्हा पहिल्यापासून.