बारीक आला तरी दाबा

दिवसभर मी माणसांना काचेच्या खोलीत बसवते.
लाल उजव्या कानाला, निळा डाव्या,
हातात बटण.
"आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा."
हिंदीत, मोडक्या अरबीत;
बंगालीत तर मला एवढं एकच वाक्य येतं.
सोहार बंदरामागे धातू वितळवणारी माणसं,
वर्षातून एकदा येतात
कान मोजून घ्यायला.

रात्री फ्लॅटवर मीच बसते हेडफोन लावून.
ॲप आधी सा देतं, पांढरी एकचा,
मग एक स्वर टाकून गप्प.
खाली बारा चौकोन.
मी गांधार दाबते. लाल.
पुन्हा ऐकते. मध्यम. लाल.
पलीकडच्या खाटेवरून शायनी विचारते,
कसला गेम हा, तू कधीच जिंकत नाहीस?

चौथीत असताना खेडच्या गायनाच्या बाईंनी
पेटीवरचा हात न काढता आईला सांगितलेलं,
"कान कच्चा आहे हो हिचा. वक्तृत्वाला घाला."
घातलं. दोन कपही आले घरी.
पुढे मी कानाचंच शिकले.
आतली गोगलगाय, तिच्यातले केस,
कुठला आवाज कुठल्या वळणावर उतरतो,
सगळं चित्र काढून दाखवीन.
फक्त गाऊन दाखवा म्हणू नका.

सव्वीस टक्क्यांवरून एक्केचाळीसवर यायला
रमजान गेला, आणि पुढचा अख्खा उन्हाळा.
आता खोडच लागलीय.
लिफ्ट पंचमावर उघडते.
वॉशिंग मशीनची धून धैवताशी अडखळते.
गल्लीत दोन मशिदी,
एकीची अजान दुसरीच्या अर्धा श्वास मागून,
आणि एक स्वर वर.
बहुतेक.
फजरला उठून ताडून बघू म्हणते,
डोळा लागतो.

गेल्या मंगळवारी शौकत हमदुले आले, दाभोळचे.
बटण हातात घेऊन थांबले.
"बाय, एक आवाज आधीपासूनच चालू आहे.
तो धरायचा की नाय?"

फॉर्मवर त्यासाठी चौकोन आहे. कानात आवाज: होय, नाही.
सहा वर्षं मी होयवर खूण करून
पान उलटत आलेय.
त्या दिवशी विचारलं, कसा आहे?
"शिट्टी. कुकरची नव्हे. बोटीची पण नव्हे.
मधे श्वास घेत नाय ती."
म्हणून दाखवा, म्हटलं.

सत्तावन्न वर्षांचा माणूस, सेफ्टी बूट,
ओठांचा चंबू केला, नुसती हवा आली.
लाजले.
मग शिट्टी खूप खाली आणून गुणगुणले,
थरथरत, बरगड्यांतून.

सा माझ्या डोक्यात होता.
कोणी दिला नव्हता.
त्याच्यापासून वर चढत गेले, पायरी पायरी चाचपत,
आणि सापडला. कोमल निषाद.
मीही धरला. भीत भीत.
दोघांचे मिळून दोन श्वास.

त्यांनी बटणाचा हात वर केला.
"हाच! अकरा वर्षं बायकोला सांगतोय, हाच."

कुठे हिरवी खूण उमटली नाही.
रिपोर्टात मी लिहिलं: दोन्ही कान, चार हजारपाशी दरी.
ती भरून येत नाही, हेही सांगितलं.
ते त्यांना माहीत असावं; मान हलवली,
डबा उचलला, दारात वळले.

"नाव असतं काय हो त्याला?"
"कोमल नी."
"कोमल," शौकतभाई म्हणाले.
"अकरा वर्षं झोपू देत नाय,
आणि कोमल."

रात्री दुसऱ्याच प्रश्नाला
शुद्ध निषाद आला.
मी कोमल दाबला.