बिनचाकी

आरटीओतला बाबू विचारतो, चाकं किती?
मी म्हणतो, एकही नाही.
तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा घालतो.
पुढे घसरायला दोन पाट्या. मागे रबराचा रुंद पट्टा,
दोन सिलिंडर, सामान बांधायला जाळी, ओढायला हूक,
दोन माणसं ऐसपैस.
"चालते कशावर?"
बर्फावर.
तो खिडकीबाहेर पाहतो. बाहेर एप्रिल,
रसवंतीचे घुंगरूही उन्हाने गप्प.
फाईल माझ्याकडे सरकवतो
आजाऱ्यापुढे पेज ठेवावी तशी.

लष्कराच्या भंगाराच्या लिलावात घेतली.
कळमन्याला येणाऱ्या ट्रकमध्ये
पेट्यांच्या मागे झोपून आली,
महिनाभर सीटला सफरचंदाचा वास.
पंचफुला म्हणाली, "एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या बापा,"
आणि म्हशींची नावंही सांगितली.

दोन हिवाळे अशीच एक चालवली होती, वर,
जिथे थुंकी खाली पडेपर्यंत खडा होते.
रॉकेलचे कॅन, पिठाची पोती, टपाल.
एकदा मागच्या सीटवर दोरीने बांधलेला हवालदार लोबसांग.
वाटभर बायकोच्या हातच्या चहाबद्दल बोलत होता,
मग बोलत नव्हता.
पोचलो तर जांभई देत उतरला,
डोळा लागला होता म्हणे.
माझी पाठ मात्र अजून
त्याच वळणावर कान लावून आहे.

इथे ती कापसाच्या कोठ्यात उभी.
बर्फ नसला की तिचं रक्त उकळतं;
पट्ट्याने उडवलेला बर्फच तिचं पाणी गार ठेवतो,
तोच तिचं वंगण.
म्हणून दर रविवारी विटांवर उचलून
दोनच मिनिटं चालू करतो.
पोरं ओरडून एकशे वीसपर्यंत मोजतात,
शंभरानंतर मुद्दाम सावकाश.
मुठी गरम करायचं बटण आहे तिला.
सत्तेचाळीस डिग्रीत ते दाबायची सगळ्या गावाला हौस.
मी कोणाला दाबू दिलं नाही.

फाल्गुनात, हरभरा घाट्यांनी भरलेला,
दुपारी तीनला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं.
टिनावर आधी एक. मग तीन.
मग मोजायला कोणी उरलं नाही.
थांबलं तेव्हा शिवार पांढरं,
घोटा बुडेल एवढं, बांधापासून नाल्यापर्यंत.

कोणी काही बोलेना.
कोठ्याचं दार उघडताना मला कळत होतं
की हे बरं नाही.
दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला लागली.

काय सांगू.
पट्टा गारांत दात रोवून निघाला,
मागे पांढरा फवारा, काटा गार,
माझ्याच शेतावरून मी असा गेलो
जसा तिथे कधी घामच गाळला नव्हता.
तोंडात गारवा शिरला तेव्हा कळलं, मी हसतोय.

बांधावर अजाबराव उभा.
पायाशी त्याचा हरभरा, आडवा, पातळ झालेला.
मी इंजिन बंद करू लागलो.
शिव्या खायची तयारी ठेवली.
तो म्हणाला, "बंद कायले करतं?"
आणि धोतर सावरून मागे बसला.

मागच्या सीटवर वजन आलं की पाठीला समजतं.
नाल्यापर्यंत तो काहीच बोलला नाही.
मी दोनदा हाक मारली.
"आयकून रायलो ना," तो म्हणाला, "जरा जोरात घे."

परतताना मी उतरलो, त्याला पुढे बसवलं.
त्याची बोटं निळी पडली होती.
बटण मीच दाबलं.
मुठी धरून तो बराच वेळ बसून राहिला, इंजिन नुसतं चालू,
"चुलीवानी हाये बे," एवढंच.

तेवढ्यात ऊन आलं, गारा पाणी झाल्या,
काळ्या मातीने पट्टा गिळला.
अजाबरावाच्याच बैलांनी ओढून काढली, हूक होताच.
बैलांना ती आवडलेली नाही.

आता कोठ्यात चिखलासकट उभी आहे.
सीटवर पंचफुलाने
वाचलेला हरभरा वाळत घातलाय, दोन मुठी.
रविवारी उचलून ठेवीन म्हणते.