एक स्टॉप जास्त

अशोक चौकातल्या आमच्या स्टुडिओत
मागच्या भिंतीवर बर्फ आहे.
वडिलांनी रंगवलेला, मांजरपाटाला खळ देऊन,
झिंकचा पांढरा आणि चिमूटभर नीळ.
तीन डोंगर, आणि एक देवदार
जो थेट लिंबासारखा दिसतो,
कारण वडिलांनी लिंबच पाहिला होता.

त्या बर्फापुढे बसून गेली
अर्ध्या पूर्वभागाची लग्नं,
टॉवेल कारखान्यातल्या मुली, पासपोर्टवाले,
एकदा कुणाचा तरी नवसाचा बोकड.
मे महिन्यात घाम पुसत माणसं म्हणायची, पंखा लावा की.
वडील म्हणायचे, पंखा नको,
डोंगर हलतो.

आता मी पहाटे साडेपाचला
हिप्परग्याच्या तलावाकाठी पोटावर पडलोय,
अंगावर चादर उलटी घेऊन,
मोर आत, धागे बाहेर,
म्हणजे पाखरांना रंग दिसू नये.
पारा नऊवर आलाय.
नागेश भोई त्याच्या थर्माकोलच्या होडीवर उकिडवा बसून
माझ्याकडे बघतो आणि मान हलवतो.
लग्नाच्या सीझनात
हा माणूस चिखलात झोपलाय.

जुन्या बाजारात घेतलेलं एक पुस्तक आहे माझ्याकडे,
मलपृष्ठ गेलेलं, थंड मुलखातल्या छायाचित्रणाचं.
त्यात लिहिलंय, बॅटऱ्या छातीशी धरा, गारठून मरतात.
काचेवर श्वास सोडू नका.
आणि बर्फ टिपताना कॅमेऱ्याचं ऐकू नका,
पांढरं दिसलं की तो घाबरतो, राखाडी करून टाकतो.
एक स्टॉप जास्त द्या.

बॅटऱ्या मी छातीशी धरल्यात.
सोलापुरात.
कुणाला सांगू नका.

धुकं पाण्यावरून उठतं, बसतं, परत उठतं.
आधी नुसता आवाज आला,
जुन्या मागाचा धोटा अडकावा तसा,
मग चिखलात पावलं,
मग एकेक करून डोकी,
पांढऱ्यावर दोन काळ्या पट्ट्या,
कुणी पट्टी धरून आखाव्यात तशा.
पट्टकदंब.
हिमालय ओलांडून आलेत म्हणे,
रात्रीचे, पातळ हवेत, पंखांखाली सगळं ते घेऊन
जे आमच्या भिंतीवर तीन डोंगरांत संपतं.

मी श्वास धरला.
आणि नेमकी नागेशनं कडक भाकरी मोडली.
कट्ट.
चाळीस माना वर.
मी मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
पण उडालं कुणीच नाही.
एक पुढे आला, एका बाजूचं पीस तुटलेला,
आणि भिंगात पाहू लागला,
जसं गिऱ्हाईक बघतं, हसू की नको अशा बेतात.

मीटर म्हणालं, पुरे.
मी एक स्टॉप जास्त दिला.
धुकं उघडलं, पाणी उघडलं,
त्याच्या मानेवरचा दहिवर वेगळा दिसू लागला, थेंब थेंब.
अकरा फोटो. मग ऊन आलं
आणि तलाव पुन्हा तलाव झाला,
पलीकडे हायवे, त्यावर उसाचे ट्रॅक्टर.

घरी येऊन त्याचा डोळा मोठा करून पाहिला.
म्हटलं, काहीतरी असेल आत, तिकडचं.
होती एक होडी,
उलटी चादर,
आणि तिच्या टोकाला माझं टक्कल.

वडिलांना दाखवला.
एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय,
दुसऱ्याचं संक्रांतीनंतर.
दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून पाहिलं,
स्क्रीनवर बोट घासलं, जसं चुना वाळलाय का बघतात.
मग भिंतीकडे वळले.
म्हणाले, माझ्या हातून नीळ जास्त पडली बे.
तेवढ्यात एक पोरगी आली, अर्जासाठी फोटो हवा म्हणाली,
साधा, मागे काही नको.
वडिलांनी सवयीनं उठून पंखा बंद केला.