ठोकून दाखय

उम्म खल्फान म्हणाली, निम्मे पैसे माझे, निम्मे तुझे,
निवड मात्र तुझी. मी काय, बाहेरून वाजवणार.
जुन्या दाराचा खालचा वीतभर भाग वाळवीनं खाल्लेला,
वरचा खाऱ्या हवेनं.
ऑगस्टात ते फुगतं, खांद्यानं ढकलावं लागतं,
जानेवारीत आकसतं, आणि फटीतून
गल्लीतलं मांजर आमचं जेवण मोजतं.

सूरच्या बाजारामागं, होड्या बांधतात तिकडं जाताना
अस्लमभाईंचं दुकान.
भिंतीला टेकून उभी दारं, कुठंच न उघडणारी.
मेरांटी.
सागवान, बर्माचं म्हणतात,
किंमत ऐकून मीही म्हणते.
फायबर, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या,
नीट पाहिलं तर तीच गाठ दर हातभर अंतरावर पुन्हा.
पोलादी, त्याची मूठ दुपारी बाराला धरून दाखवा कुणी.
आणि अ‍ॅल्युमिनियम, कडेनं काळं रबर,
आत पोकळ, वर दहा वर्षांची हमी.
दहा! नरेश हसला.
आमचा व्हिसा दर दोन वर्षांनी श्वास घेतो.

मी आचऱ्याला फोन लावला.
बाबा. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस,
आता डाव्या कानानं थोडं, उजव्यानं नाहीच.
फोटो पाठवते म्हटलं तर म्हणाले,
"फोटवात काय दिसतला? ठोकून दाखय."

तशी ठोकत गेले एकेक दार,
फोन लाकडाला, पत्र्याला चिकटवून.
मेरांटी वाजलं ओल्या ढोलकीसारखं.
सागवान, पाटावर कुणी नारळ ठेवावा तसं.
फायबर म्हणजे खोक्यात पडलेली चप्पल.
पोलादी नुसतं ओरडलं.
अ‍ॅल्युमिनियमनं काहीच सांगितलं नाही,
उशीला विचारल्यासारखं झालं.
अस्लमभाई हातातला चहा विसरून बघत राहिले.
एक गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं.

रात्री बाबांचा आवाज आला.
सागवानाबद्दल अवाक्षर नाही.
"तिसऱ्या नि चौथ्या दाराच्या मधी खोकता तो कोण?
जावय? कधीपासून?"

मी पुन्हा लावून ऐकलं.
होतं खरंच. फायबरनंतर, पोलादीच्या आधी,
छोटं, कोरडं, कुणाला कळू नये असं.
मार्चपासून असेल. की त्याही आधी?
फ्रीजचा आवाज ऐकतो ना आपण, तसं
मी ते ऐकत आले होते.

"मगे लाकूड नको गो. धूळ येवची नाय असा दार घे."
आणि बऱ्याच वेळानं अजून एक, सावकाश:
"साग बरो वाजलो. पण घेव नको."

अ‍ॅल्युमिनियम आलं. दोघांनी अर्ध्या तासात बसवलं.
जुनं दार उम्म खल्फाननं परसातल्या बकऱ्यांना दिलं,
वाळवीचा भाग कापून.

जूनमध्ये घरबी सुटला, पश्चिमेचा तो भाजका वारा,
दोन दिवस समोरची मशीद दिसली नाही.
मी उंबऱ्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ.
आत नरेश झोपलेला, न खोकता,
आणि मी मधल्या खोलीत उभी राहून
ते न खोकणं ऐकत होते.
कचरा टाकायला म्हणून दार उघडलं
तर उम्म खल्फान. हातात लुकैमातची ताटली,
पाकावर वाळूची पातळ साय.
किती वाजवलं, म्हणाली. बहिरं आहे तुझं दार.

बाबांना सांगितलं, मोठ्यानं, दोनदा.
ते हसले, खोकला लागेपर्यंत हसले.
"बहिऱ्याक नावान हाक मारूक व्हयी."

आता ती वाजवत नाही.
गल्लीत उभी राहून ओरडते, या उम्म रेवा!
अख्ख्या गल्लीला कळतं तिनं आज काय तळलंय.
आधी बकरी ओ देते,
त्या जुन्या दारामागून.
मग मी.