हातभर इकडे

दापोलीहून आलेला विचारे टीपॉयवर मांडतो
पांढऱ्या जाळीचे तीन नमुने.
"पीओपीचाच रंग मारून देतो, काकू.
आवाज येईल, स्पीकर दिसणार नाही."

आई त्यातला सहा इंची उचलते,
पिठाच्या चाळणीसारखा उजेडात धरते.
विचारते एवढंच :
स्क्रू गंजतील का?
या हर्णैच्या वाऱ्याने आमची
पितळी कडीसुद्धा हिरवी केलीय.

बाबा सोफ्याच्या डाव्या टोकाला.
तीस वर्षं बंदरावर लिलाव पुकारला त्यांनी,
सुरमईचा, हलव्याचा, कोलंबीच्या ढिगाचा,
भोंगा कधी हातात धरला नाही.
आता डावा कान गेलाय.
घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही
आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.

विचारे शिडीवर चढून पेन्सिलने गोल काढतो,
टेप लावून,
दोन्हीकडून सारखं अंतर.

मी शिडी धरून उभी.
म्हणते, उजवीकडचा जरा इकडे घ्या.
"बॅलन्स बिघडेल, ताई.
पिक्चर एकीकडे, आवाज भलतीकडे."
बिघडू दे.
"किती घेऊ?"
हातभर.

ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकते.
आई माझ्याकडे बघते, मग सोफ्याकडे,
आणि चाळणी हलकेच खाली ठेवते.

विचारे बोटाला थुंकी लावून गोल पुसतो.
पांढऱ्या छतावर करडा डाग उरतो,
म्हणतो, "कटिंगनंतर बघू त्याचं."

बाबा मान वर करून
आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघतायत.
मग बंदरावरच्या त्याच आवाजात,
भिंती हलतील असं, विचारतात :
"काय ठरलं? कितीला सुटला?"